भिंतीवरचं गुलाबी राज्य

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढायला मला चार दिवस लागतात. पहिला दिवस भिंत घासण्यात जातो, दुसरा चौकटी आखण्यात, तिसरा जमिनीत आणि चौथा समुद्रात. असं सांगितलं की लोकांना वाटतं, पेंटर थट्टा करतोय. पण ते खरंच आहे. निळा रंग सगळ्यात शेवटी भरायचा असतो. जमिनीच्या कडेला हात हलला, एखाद्या देशाचं टोक जास्त बाहेर आलं, तर ते निळ्यानं कापून टाकता येतं. आमच्या धंद्यात समुद्र हा खोडरबर.

मी परभणीचा. लोक नामदेव पेंटर म्हणतात. सुरुवात दुकानांच्या पाट्यांपासून झाली. किराणा, कापड, खत-बियाणं, दवाखाने, मोंढ्यातल्या अडत्यांच्या पेढ्या. पुढे फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत हाताच्या पाट्या संपल्या. माझ्याबरोबरच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाकडं शेतीला गेलं. मला शाळांनी वाचवलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ‘बोलक्या भिंती’ करायची टूम निघाली आणि पाढे, बाराखडी, फळंफुलं यांच्यासोबत नकाशे आले. फ्लेक्सचा नकाशा आमच्याकडच्या उन्हात दोन उन्हाळेही टिकत नाही. भारत पांढरा पडतो आणि वाऱ्यानं काश्मीरपासून फाटत जातो. ऑइल पेंटचा नकाशा आठ-दहा वर्षं हलत नाही. त्यामुळे दहावीला भूगोलात काठावर पास झालेला माणूस उरलेलं आयुष्य भूगोलावर जगला.

नकाशा मोठा करण्याची कला फार अवघड नाही. छापील तक्त्यावर पेन्सिलीनं इंच-इंचाच्या चौकटी आखायच्या. भिंतीवर तेवढ्याच चौकटी, पण नऊ-नऊ इंचांच्या. भिंतीवरच्या रेघा पट्टीनं मारत बसलो तर जन्म जाईल, म्हणून सुतळी निळीच्या पाण्यात भिजवून भिंतीला ताणून धरायची आणि मधून चिमटीनं ओढून सोडायची. फाट्‌दिशी सरळ रेघ उमटते. सुतळीचं दुसरं टोक गेली कित्येक वर्षं माझी बायको शोभा धरते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि डोळाही. “वर घ्या जरा, श्रीलंका बुडायली,” असं ती खालून ओरडते तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग एकेक चौकट उतरवायची. यात एक पथ्य मी कायम पाळलं आणि शिकायला येणाऱ्यांनाही सांगितलं. समोर कुठला देश आहे ते विसरायचं. रेघ या चौकटीत कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, एवढंच बघायचं. विचार करायला लागलं की हात चुकतो. हे पथ्य मी मोठ्या अभिमानानं सांगायचो.

या धंद्यात दोन गोष्टी मला पुस्तकाविना कळल्या. पहिली मानवतला. तिथल्या एका शाळेच्या पटांगणात कुणीतरी सिमेंटचा भलामोठा गोल बांधून ठेवला होता आणि त्यावर पृथ्वी रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी नेहमीचा तक्ता घेतला, चौकटी पाडल्या आणि गोलावर उतरवायला लागलो. पोटाशी सगळं ठीक जमलं. वर सरकलो तशा गोलावरच्या चौकटी आकसत गेल्या आणि तक्त्यातल्या मात्र तशाच ऐसपैस राहिल्या. ग्रीनलंड मावेना. रशिया स्वतःच्याच अंगावर चढायला लागला. दोनदा पुसलं. शेवटी तिथले भूगोलाचे गुरुजी हसत बाहेर आले आणि म्हणाले, “पेंटर, तुमचा गोल बरोबर आहे. तक्ता खोटा आहे.” गोल गोष्ट सपाट कागदावर पसरायची तर कुठंतरी ताणावीच लागते आणि ती वरच्या बाजूला ताणली गेलीय, हे त्यांनी समजावलं. युरोप दिसतो तेवढा मोठा नाही आणि आपण दिसतो तेवढे लहान नाही. त्या दिवशी घरी येऊन मी शोभाला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग इतकी वर्षं आपण खोटंच काढायलोत का?” मी म्हणालो, “खोटं नाही, ताणलेलं.”

दुसरी गोष्ट गंगाखेडला. मंगल कार्यालय बांधणाऱ्या एका ऊसवाल्या मालकाला दर्शनी भिंतीवर जगाचा नकाशा हवा होता. अट एकच, गंगाखेड बरोबर मधोमध पाहिजे. मी म्हणालो, “शेठ, मध्यभागी समुद्र येतो, नाहीतर आफ्रिका येते.” ते म्हणाले, “भिंत माझी हाय का आफ्रिकेची?” मी निमूट काढलं. अमेरिकेचे दोन तुकडे करून दोन्ही कडांना लावले. गोदावरी त्यांनी तीनदा रुंद करून घेतली. शेवटी ती दक्षिण अमेरिकेतल्या त्या थोरल्या नदीपेक्षा रुंद झाली. लग्नाला आलेली मंडळी अजून त्या भिंतीपुढे फोटो काढतात आणि कुणालाही त्यात काही खटकत नाही. गिऱ्हाईक म्हणतं तसं जग काढता येतं, हे मला तिथं कळलं.

आता ज्या कामासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो. पिंगळीच्या पुढे आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, मंडळी अजून ओळख ठेवून आहेत. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका जोंधळे मॅडम. सडपातळ, बोलायला हळू, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांनी मला बोलावलं आणि कपाटातून जुन्या साडीत गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेली नकाशांची वही. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना मिळाली होती. पानं सुटी झालेली, कडांना वाळवी लागून गेलेली.

“यातलं जग आपल्याला भिंतीवर काढायचंय,” मॅडम म्हणाल्या. “जसंच्या तसं. आणि शेजारी आजचं जग. मुलांना दोन्ही जोडीनं दिसलं पाहिजे.”

मी पान उजेडाला धरलं. रेघा छापलेल्या होत्या, पण रंग छापलेला नव्हता. हातानं भरलेला होता. पाण्यात पातळ केलेला गुलाबी एका फराट्यात ओढत नेला होता. ऑस्ट्रेलियाच्या कडेला तो रेघेबाहेर सांडला होता आणि सुकताना त्याची गडद किनार उठली होती. म्हणजे ब्रशमध्ये पाणी जास्त होतं आणि टिपायला फडकं जवळ नव्हतं. कुणीतरी माझ्यासारखंच रोज ढिगानं पानं रंगवत बसलं असणार.

“हिंदुस्थान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सगळं गुलाबी कसं?” शोभानं विचारलं.

“जिथं इंग्रजांचं राज्य, तिथं हाच रंग,” मॅडम म्हणाल्या. “बघणाऱ्याची नजर फिरली की वाटावं, सगळं जग आपलंच. खरा रंग लाल म्हणतात, पण नकाशात गुलाबी का झाला ते नक्की माहीत नाही.”

ते मला माहीत होतं. लाल गडद भरला तर त्यावर काळी अक्षरं दिसत नाहीत. पाट्या रंगवताना मी शंभरदा चुकून शिकलोय. राज्य दिसायला हवं आणि गावांची नावंही वाचता यायला हवीत, तर लाल पातळच करावा लागतो. मी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी स्वतःची टिपणवही काढून लिहून घेतलं. एका शिक्षिकेनं माझं बोलणं लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ.

त्या पानावर आणखी बरंच होतं. इंग्लंड मधोमध. वरचा भाग ताणल्यामुळे कॅनडा एखाद्या छपरासारखा पसरलेला. समुद्रातून गलबतांच्या वाटा, सगळ्या इंग्लंडकडे जाणाऱ्या. चारही कोपऱ्यांत चित्रं. एका कोपऱ्यात सिंहाला टेकून बसलेली, खाली नाव लिहिलेली एक बाई आणि तिच्यापुढे पाठीवर गाठोडी घेऊन वाकलेली देशोदेशीची माणसं. आणि आफ्रिकेच्या पोटात काहीच नाही. कडेनं नावांची गर्दी, मध्ये कोरा कागद.

“इथं काय भरायचं?” मी विचारलं.

“काही नाही. कोरंच सोडा.”

“माणसं नव्हती का तिथं?” शोभा म्हणाली.

“होती की. यांना ठाऊक नव्हती. आणि कोरं दाखवलं की जाऊन घ्यायलाही बरं.”

आम्ही कामाला लागलो. मुख्य इमारतीची रस्त्याकडची भिंत मिळाली होती. जुना नकाशा आधी काढायचा, मग शेजारी आजचा, आणि शेवटी दोन्हींवर मथळे, असं मी ठरवलं. अक्षरं नेहमी शेवटीच लिहायची असतात, नाहीतर शिडी टेकून पुसली जातात. त्या माझ्या शिस्तीनंच घोटाळा केला. जुना नकाशा पूर्ण झाला, शेजारची भिंत अजून नुसती पांढरी होती, मथळा नव्हता, आणि कुणीतरी रस्त्यावरून मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो आजूबाजूच्या गावांत फिरला. खाली मजकूर, ‘शाळेच्या भिंतीवर गुलामीचा नकाशा’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना वरून फोन आला, लेखी खुलासा द्या. त्यांची नोकरी तेवीस वर्षांची. एक ठपका नव्हता. त्या ऑफिसात बसून खुलासा लिहीत होत्या आणि कागद दोनदा फाडला. शोभानं चहा नेऊन दिला. “नामदेवराव,” त्या म्हणाल्या, “चुना मारावा लागला तर तुमची मेहनत वाया जाईल. माफ करा.” मला मेहनतीचं काही वाटलं नाही. त्या माझी माफी मागत होत्या, ते वाटलं.

शनिवार होता. शाळा सकाळची. पोरं घरी गेली आणि सरपंच दत्तराव पंधरा-वीस माणसं घेऊन आले. गाव त्यांना आबा म्हणतं. साठीचा, उंचापुरा, पांढऱ्या कपड्यातला माणूस. ते थेट भिंतीपुढे येऊन उभे राहिले.

“पेंटर, हे काय काढायलाव?”

“नकाशा, आबा. इंग्रजांच्या काळातला.”

“ते दिसायलंय मला. माझे वडील निजामाच्या जेलात होते. पायाला बेडीचे वण होते त्यांच्या, मी हातानं चोळलेत. अन् त्यांच्या गावच्या शाळेवर तुमी गोऱ्याचं राज्य रंगवायलाव? आठ दिवसांवर मुक्तिसंग्राम दिन आला. मी ह्या भिंतीपुढं झेंड्याला सलाम करू का?”

मॅडम म्हणाल्या, “आबा, शेजारी आजचा नकाशा येणार आहे. मथळेही येणार आहेत. काम अर्धं आहे.”

“येणार हाय ते येईल. आज तर ह्योच दिसायलाय. सोमवारपर्यंत चुना मारा, विषय संपला.”

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. ज्याच्या बापाच्या पायात बेडी होती, त्याला मी काय सांगणार? पण मॅडमचा उतरलेला चेहरा बघवेना. मला गंगाखेडचे शेठ आठवले आणि तोंडातून निघून गेलं, “आबा, चुना मी मारतो. माझंच काम आहे ते. फक्त त्याआधी एक करा. गावाचा नकाशा काढून दाखवा.”

“कामून?”

“काढा तर खरं. तुमच्याइतकं गाव कुणाला ठाऊक?”

लोकांना गंमत वाटली. कुणी खडू आणून दिला. आबांना नाही म्हणता येईना. त्यांनी चपला काढल्या, धोतर सावरून वऱ्हांड्यातल्या फरशीवर उकिडवे बसले आणि काढायला लागले. आधी स्वतःचं घर. मग घरापासून मारुतीच्या देवळाकडं जाणारा रस्ता, पंचायत, शाळा. मग ओढा, ओढ्याकाठी त्यांचा मळा, मळ्यात विहीर. विहिरीला त्यांनी मोठा गोल काढला, शेजारी आंब्याची झाडं मोजून काढली.

“आबा, तुमची विहीर गावाएवढी झाली की,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आबाही हसले.

मी म्हणालो, “आबांनी कुणाला फसवलं नाही. जे रोज बघतात ते मधे आलं, जे जिवाभावाचं ते मोठं झालं. या भिंतीवरच्या माणसानं हेच केलंय, फक्त सगळ्या जगाचं केलंय. आपलं घर मधे, आपलं ते सगळं एका रंगात, आणि जे माहीत नाही ते कोरं. पोरांना हे बघता आलं पाहिजे, म्हणून मॅडमनी काढायला लावलंय.”

आबांनी भिंतीकडे पाहिलं, परत फरशीकडे पाहिलं. आता ते काही बोलणार, तेवढ्यात गयाबाई पुढे आली. गयाबाई शाळेत खिचडी शिजवते. चाळिशीची बाई. गावाबाहेर माळापलीकडं मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांची वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे, ती तिथली. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं.

“आबा, आमची वस्ती कुठाय ह्यात?”

आबांनी खडूनं दिशा दाखवली. “ती माळाच्या पल्याड न्हाई का. तिकडं.”

तिकडं फरशीवर रेघ नव्हती. लोकांनी काढलेल्या चपला होत्या.

“पल्याड कामून? मतदानाला तर तुमाला बरोबर वाट सापडती की.”

पुन्हा हशा झाला. या वेळी आबा हसले नाहीत. “ध्यानातून गेली बाई,” ते हळू म्हणाले.

“फरशीवरचं राहू द्या. आबा काय नकाशावाले न्हाईत,” गयाबाई म्हणाली. “पण पंचायतीच्या भिंतीवर गावाचा रंगीत नकाशा हाय, त्यात बी आमी न्हाई. उन्हाळ्यात टँकरवर नवा डायवर आला की त्यात बघतो अन् मनतो, इथं वस्तीच दिसंना. मागल्या साली दोन टँकर ओढ्यापासून माघारी गेले. लेकरं डबे घेऊन उभी होती. तो नकाशा कुणी काढलाय, ते मला इचारायचंय.”

आबा जमिनीकडे बघत राहिले. त्या नकाशाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे, नामदेव पेंटर, परभणी.

“मी काढला,” मी म्हणालो.

काम पाच-सहा वर्षांपूर्वीचं. पंचायतीतून मला एका कागदावर हातानं काढलेला आराखडा मिळाला होता. मी त्यावर चौकटी पाडल्या आणि भिंतीवर उतरवला. रेघ कुठून शिरते, कुठून बाहेर पडते, एवढंच बघितलं. गावात दोन दिवस होतो, याच बाईच्या हातचा चहा प्यालो असेन, पण कागदात सगळं आलंय का, असं एका माणसालाही विचारलं नाही. विचार करायचा नाही, हे माझंच पथ्य. आफ्रिकेतल्या कोऱ्या जागेवर हसणारा मी, वीस-पंचवीस घरं पुसून बसलो होतो. माझ्यामागं ना राणी होती, ना गलबतं. नुसता आळस होता.

मी हे सगळं तिथं जसंच्या तसं सांगितलं. शोभा माझ्याकडे बघत नव्हती, हे मला न वळताही कळत होतं.

गयाबाई म्हणाली, “बरं झालं बोललात. मला वाटलं, कुणी मुद्दाम केलंय.”

आबांनी खडू पुन्हा उचलला. वस्ती काढायला ते कडेला सरकले, पण ओढ्यापलीकडं हातभर गेल्यावर फरशी संपली. वऱ्हांड्याची कडाच आली. मग गुडघ्यावर हात देऊन उठले.

“चुना राहू द्या,” ते म्हणाले. “पण पेंटर, मथळा आधी लिवा. आजच्या आज. हा नकाशा कुणी काढलाय अन् कुणासाठी, ते माणसाला लांबून वाचता आलं पाहिजे. अन् मॅडम, खुलाशावर माझी बी सही घ्या.”

मॅडम उठून आत गेल्या. कागद आणायला गेल्या असं आम्हाला वाटलं, पण बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. शोभा आत जाऊन बसली त्यांच्याजवळ.

मी त्याच दुपारी शिडी लावली आणि वीतभर अक्षरांत लिहिलं, ‘इंग्रजांनी इंग्रजांसाठी काढलेलं जग’. माझ्या आयुष्यातला तो पहिला मथळा, जो चित्राशेजारची भिंत कोरी असताना लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शोभा गयाबाईबरोबर वस्तीवर गेलो. खिशात कागद आणि पेन्सिल. गयाबाई पुढं चालायची आणि बोलायची, मी लिहून घ्यायचो. कुठल्या नाल्यात मार्गशीर्षापर्यंत पाणी राहतं, कुठल्या बांधावरून मेंढरं नेली की भांडण होत नाही, कुठल्या लिंबाखाली पावसाळ्यात मेंढरं बसवतात. मी सरकारी नकाशा सोबत घेतला होता. त्यात या सगळ्या जागेला एक नंबर आणि ‘पडीक’ एवढाच शब्द होता. वस्तीत आम्हाला दूध मिळालं, वर ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं. एका म्हाताऱ्यानं माझा कागद हातात घेऊन उलटा धरला, मग सुलटा धरला आणि विचारलं, “ह्यात पाऊस कुणीकडून येतो ते कुठं लिवता?” शोभा अजूनही मधूनच तो प्रश्न मला विचारते.

पंचायतीच्या भिंतीवरचा जुना नकाशा मी घासून काढला आणि नवा काढायला घेतला. त्याचे पैसे मी मागितले नाहीत, कुणी विषयही काढला नाही. वस्ती काढायची वेळ आली तेव्हा गयाबाई स्वतः येऊन उभी राहिली. मी एकेक घर लाल चौकोनात काढलं, पाण्याची जागा निळी केली, ओढ्यापासूनची वाट जाड काढली. मागं सरून बघितलं, तर बरं वाटलं. गयाबाईनं मात्र भिंतीजवळ जाऊन वितेनं मोजलं. आधी गाव मोजलं, मग वस्ती.

“एवढी मोठी न्हाई आमची वस्ती,” ती म्हणाली.

“असू द्या की. लांबून दिसेल.”

“न्हाई. लोक बगतील अन् हासतील. गयाबाईनं पेंटरला सांगून मोठी करून घेतली मनतील. हाय तेवढीच काढा.”

माझ्या हातून चुकीची भरपाई होत होती, हे तिच्या लगेच ध्यानात आलं होतं. मी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसली आणि मापानं पुन्हा काढली. छोटी दिसत होती, पण वाट ठळक होती. तिनं पुन्हा वीत लावली, मान हलवली आणि भांडी घासायला शाळेकडं निघून गेली. इतकी वर्षं नकाशे काढले, दर्शनी भिंतीवाल्या शेठजींपासून पुढाऱ्यांपर्यंत गिऱ्हाइकं झाली. आपलं आहे त्यापेक्षा लहान कर म्हणणारं हेच एक.

मुक्तिसंग्राम दिनापर्यंत शेजारी आजचं जगही काढून झालं. त्या दिवशी आबांनी झेंडा फडकवला आणि त्याच भिंतीपुढं भाषण केलं. हा सगळा उपक्रम जणू त्यांच्याच डोक्यातून निघाला, असं ते बोलत होते. मॅडम पदराआड हसत होत्या. मधेच आबांनी काठी उचलून कोपऱ्यातल्या चित्राकडं दाखवली. “ह्यो गाठोडं घेऊन वाकलेला माणूस बगा. बाईचं नाव लिवलंय, सिंहाचं बी लिवलं असतं. ह्याचं न्हाई लिवलं. ह्यो आपला हाय. माझा बाप हाय.” एवढं बोलून त्यांनी भाषण तिथंच थांबवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण लवकर संपलं होतं.

वरच्या ऑफिसातून पुढं काही विचारणा झाली नाही. मॅडमची बदली झाली, पण ती रीतसर, आणि त्यांच्या माहेरच्या तालुक्यात. नव्या शाळेतही त्यांनी मला बोलावलं आणि तिथंही दोन जगं शेजारी शेजारी काढून झाली. आता माझे गुडघे शिडीवर बोलतात. वरच्या चौकटी मी एका होतकरू पोरीला देतो. ती कला शिक्षकाचा कोर्स करून आलीय. तिला मी जुनं पथ्य सांगत नाही. काम सुरू करायच्या आधी गावातून एक फेरी मार आणि चार जणांना विचार, एवढंच सांगतो. तिचा एक दिवस वाढतो. तिची कुरकुर असते.

हे लिहून संपवत होतो तेव्हा गयाबाईचा फोन आला. दिवाळीचं विचारायला असेल असं वाटलं.

“पेंटर, वस्तीत तीन घरं वाढली. माझ्या पुतण्याचं एक अन् वस्तीतल्या दोघा भावांनी वेगळ्या चुली मांडल्या, त्यांची दोन. भिंतीवर न्हाईत ती.”

मी म्हणालो, “दिवाळी झाली की येतो.”

“दिवाळीचं काय त्यात? भिंत तर उभीच हाय की.”

शोभा शेजारीच होती, तिनं ऐकलं. उद्या सकाळी निघतोय.